तलावाचे फाटक आपोआप मिटते का?

नागपुरात काटोल रोड, हिंगणा, वर्धा रोड या बाजूंना फार्म हाऊस वाढत गेली, आणि फार्म हाऊस म्हटले की मागच्या अंगाला निळ्या टाइल्सचा छोटा तलाव आलाच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या गावात पाण्याची ही ओढ कुणालाही समजेल. तलाव बांधणारा ठेकेदार अंदाजपत्रक देतो, त्यात खोदकाम, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, फिल्टर, पंप, पाण्याखालचे दिवे, स्टीलची शिडी असे सगळे असते. कुंपण बहुतेक वेळा नसते. मालकही विचारत नाही. जागेला कंपाउंड वॉल आहे, गेटला कुलूप आहे, मग आणखी कुंपण कशाला, असे त्याला वाटते. पण कंपाउंड वॉल बाहेरच्याला अडवते. घरातले दोन वर्षांचे मूल आधीच तिच्या आत असते.

हा लेख त्या दुसऱ्या कुंपणाबद्दल आहे. ते किती उंच असावे, त्यातली फट केवढी असावी, फाटक कसे मिटावे आणि हे सगळे ठीक आहे की नाही हे कुणी, कधी, कसे तपासावे, हे सगळे आकडे जगात बऱ्याच ठिकाणी ठरलेले आहेत आणि प्रत्येक आकड्यामागे लहान मुलाच्या शरीराचे माप आहे. ते माप एकदा कळले की नियमपुस्तक हाताशी नसले तरी अडत नाही.

आधी मूल बुडते कसे, ते पाहू. बुडणारा माणूस ओरडतो, हात मारतो, पाणी उडवतो, अशी आपली समजूत सिनेमाने करून दिली आहे. एक ते चार वर्षांचे मूल तसे काही करत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाण्यात हात घालताना तोल गेला की ते डोक्यावर पडते आणि त्याला उलटून उभे राहता येत नाही. तोंडात पाणी असताना ओरडताही येत नाही. मिनिटाभरात हालचाल थांबते, आणखी काही मिनिटांत मेंदूला न भरून येणारी इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. घरच्या तलावात असे घडते तेव्हा मोठी माणसे बहुधा जवळच असतात. कुणी फोन घ्यायला आत जाते, कुणी जेवणाची पाने मांडत असते, आणि प्रत्येकाला वाटते की मुलाकडे दुसऱ्याचे लक्ष आहे. भाड्याने दिलेल्या फार्म हाऊसमध्ये हे अधिक होते. वीस-पंचवीस माणसे एका दिवसासाठी आलेली असतात आणि कुणालाच जागेची माहिती नसते.

लक्ष ठेवा, हा सल्ला म्हणूनच पुरा पडत नाही. लक्ष कधी ना कधी सुटतेच. सुटल्यानंतरची पाच-दहा मिनिटे मूल पाण्यापर्यंत पोहोचू नये, एवढेच कुंपणाचे काम, आणि ते काम ते चोख करते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९८ साली कॉक्रन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या मालिकेत आला. त्यात तलावाला कुंपण असलेल्या घरांत मूल बुडण्याचा धोका, अजिबात कुंपण नसलेल्या घरांपेक्षा सुमारे ७३ टक्क्यांनी कमी आढळला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत, अशी रचना असलेल्या घरांशी तुलना केली तरीही चारही बाजूंच्या कुंपणात धोका सुमारे ८३ टक्क्यांनी कमी होता.

चौथ्या बाजूचे हे प्रकरण नागपूरच्या बंगल्यांना थेट लागू पडते. आपल्याकडे दिवाणखान्याचे सरकते काचेचे दार थेट तलावाच्या ओट्यावर उघडते. वास्तुविशारदाच्या चित्रात ते सुंदर दिसते. प्रत्यक्षात तेच दार मुलाची पाण्याकडे जाण्याची सरळ वाट असते. उन्हाळ्यात कूलरला हवा लागते म्हणून ते दार दिवसभर उघडे. त्यामुळे घर आणि पाणी यांच्यामध्येही कुंपण हवे, ही पहिली अट. जागाच नसेल आणि घराची भिंत हीच चौथी बाजू करावी लागली, तर त्या भिंतीतले प्रत्येक दार आपोआप मिटणारे आणि वरच्या कडीचे हवे, आणि खिडक्यांना पक्की ग्रिल हवी. पण ही दुसऱ्या क्रमांकाची सोय आहे, हे मनात धरून चालावे.

आता मापे. ऑस्ट्रेलियाच्या मानकात कुंपणाची उंची किमान १२० सेंटिमीटर आहे. अमेरिकेतले ४८ इंच म्हणजे जवळपास तेवढेच. पाच वर्षांखालच्या मुलाला, खाली पाय टेकायला काही नसेल तर, एवढ्या उंचीवरून स्वतःला वर ओढून घेता येत नाही. उंची नेहमी बाहेरच्या बाजूने, जमिनीपासून मोजायची. कुंपणाबाहेर नंतर मातीचा भराव पडला, लॉनसाठी सहा इंच काळी माती टाकली, की कुंपण तेवढे बुटके होते. हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण कुंपणाला कुणी हात लावलेला नसतो.

दोन उभ्या सळ्यांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, आणि खालची कड ते जमीन यांतली फटही तेवढीच. या फटीतून लहान मुलाचे डोके जात नाही. डोके गेले की बाकीचे अंग जाते. तपासायला १० सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा करून घ्यावा आणि कुंपणाच्या प्रत्येक फटीशी नेऊन पाहावा. कुठेही तो पलीकडे गेला, तर तिथे पट्टी वेल्ड करून घ्यायची.

तिसरे माप चढण्याचे, आणि आपल्याकडे बहुतेक कुंपणे इथेच नापास होतील. सध्या नागपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे गेलात तर तो आडव्या पाइपांचे किंवा आडव्या पट्ट्यांचे डिझाइन दाखवतो. चौकोनी एमएस पाइप, मध्ये चार-चार इंचांचे अंतर, वर काळा पावडर कोट. बंगल्याच्या पुढच्या गेटला ते शोभतेही. तलावाभोवती मात्र ती मुलासाठी तयार शिडी आहे. तीन वर्षांचे मूल पाचव्या पट्टीवर पाय ठेवून पलीकडे उतरते. मानक सांगते की कुंपणावर ९० सेंटिमीटरचा पट्टा असा असावा की त्यात पाय ठेवायला काहीही सापडू नये. म्हणून सळ्या उभ्या घ्यायच्या. आडव्या पट्ट्या दोनच, एक अगदी खाली आणि एक अगदी वर, मधले अंतर किमान ९० सेंटिमीटर, आणि शक्यतो त्या तलावाच्या बाजूने. जाळी लावायची असेल तर भोके इतकी बारीक हवीत की पायाचे बोट अडकणार नाही. टफन्ड काच सर्वांत निर्धोक, पण महाग.

हाच नियम कुंपणाबाहेरच्या वस्तूंनाही लागू होतो. कुंपणाच्या ९० सेंटिमीटरच्या आत कुंडी, कूलरचा स्टँड, एसीचे बाहेरचे युनिट, पेरूचे झाड, पंपाची पेटी, विटांचा ढीग यांतले काही नको. सर्वांत दगाबाज वस्तू म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. ती हलकी असते, मूल ती ओढत आणते. ऑस्ट्रेलियातल्या तपासणीत कुंपणालगत ठेवलेली खुर्ची हाही दोष धरला जातो.

एवढे सगळे बरोबर असले तरी कुंपणाचा जीव फाटकात असतो. भिंत आणि सळ्या एकदा बसवल्या की वर्षानुवर्षे तशाच राहतात; फाटक दिवसातून वीस वेळा उघडते. नियम असा: फाटक तलावापासून बाहेरच्या दिशेने उघडावे, सोडले की आपोआप मिटावे आणि मिटले की कडी आपोआप पडावी. बाहेरच्या दिशेने का, तर लॅच नीट पडला नसेल आणि मुलाने फाटकावर भार टाकला, तर ते उघडण्याऐवजी आणखी मिटते. कडी सोडवण्याची मूठ जमिनीपासून किमान १५० सेंटिमीटर उंच हवी. त्याखाली असेल तर ती आतल्या बाजूला, वरून हात घालूनच पोहोचता येईल अशी आणि भोवती आडोसा असलेली हवी. कमरेच्या उंचीवरची नेहमीची सरकती कडी इथे चालत नाही. ती मुलालाही उघडता येते, आणि माणसाने आठवणीने लावली तरच लागते. कुलुपाचेही तेच. तलाव वापरात असतो तेव्हा कुलूप उघडेच असते, आणि नेमक्या त्याच वेळी घरात पाहुणे असतात.

फाटकाची परीक्षा तीनदा घ्यायची. पहिल्यांदा पूर्ण उघडून सोडायचे. दुसऱ्यांदा अर्धे उघडून. तिसऱ्यांदा फाटक जेमतेम लॅचवर टेकेल इतके जवळ आणायचे आणि धक्का न देता सोडायचे. पहिल्या परीक्षेत फाटक वेगाने येते, आपटते आणि लॅच पडतो. बघणाऱ्याचे समाधान होते. तिसऱ्या परीक्षेत फाटकाला स्वतःचा वेग नसतो, फक्त स्प्रिंगचा जोर असतो. थकलेली स्प्रिंग इथे उघडी पडते: फाटक लॅचला लागून उभे राहते, लांबून बंद दिसते, आणि बोटाने ढकलले की उघडते. मूल आत जाते ते बहुतेकदा अशाच फाटकातून. स्प्रिंगची बिजागरी ताण वाढवता येणारी घ्यावी, म्हणजे दर काही महिन्यांनी स्क्रू फिरवून जोर परत आणता येतो. क्लोरीनच्या वाफेने साधे लोखंड लवकर गंजते. बिजागरी आणि लॅच स्टेनलेस स्टीलचे असलेले बरे.

फाटकाखाली वीट हा आणखी एक दोष, आणि तो यंत्राचा नाही. सकाळी माळी किंवा तलाव साफ करणारा माणूस ये-जा सोपी व्हावी म्हणून फाटक विटेने अडवून ठेवतो. कधी सुतळीने बांधतो. त्याला रागावून उपयोग नाही. दोन्ही हातांत पाइप आणि बादली असताना दर वेळी फाटक उघडणे खरेच त्रासाचे आहे. त्याच्या कामाची वेळ ठरवून घ्यावी आणि काम संपल्यावर वीट उचलली की नाही हे घरातल्या एका ठरलेल्या माणसाने पाहावे.

नागपूरच्या पश्चिमेकडच्या मालकांना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, आणि ती परदेशी मानकात सापडणार नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा प्रदेश शहराच्या याच बाजूला सुरू होतो, आणि त्यावरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या मातीत सुटे रोवलेले खांब दरवर्षी थोडेथोडे कलतात. फाटकाचा खांब अर्धा इंच कलला तरी लॅचची जीभ समोरच्या खाचेत बसत नाही. ऑक्टोबरात उत्तम चालणारे फाटक मे महिन्यात हवेत लटकते, ते यामुळे. उपाय असा की खांब मातीत न रोवता तलावाभोवती सलग काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बसवावेत, किमान फाटकाचे दोन्ही खांब तरी एकाच काँक्रीटमध्ये जोडलेले असावेत. म्हणजे हलले तरी दोघे बरोबर हलतील. आणि तपासणी वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये जमीन फाटलेली असताना आणि एकदा ऑगस्टमध्ये ती फुगलेली असताना. ओळंबा लावून दोन्ही खांब पाहावेत.

सिडनी, मेलबर्न किंवा ऑकलंडला स्थायिक झालेल्या नागपूरकरांना हे सगळे ओळखीचे वाटेल. न्यू साउथ वेल्समध्ये घरच्या तलावांसाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. प्रत्येक तलावाची सरकारी नोंदवहीत नोंद लागते, आणि २९ एप्रिल २०१६ पासून तलाव असलेले घर विकताना किंवा भाड्याने देताना कुंपणाच्या तपासणीचा कागद जोडावा लागतो. कुंपण नियमात बसल्याचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. व्हिक्टोरियात तपासणी दर चार वर्षांनी होते, न्यूझीलंडमध्ये २०१६ च्या कायद्याने दर तीन वर्षांनी. क्वीन्सलंडने स्वतंत्र घराच्या तलावाला दोन वर्षांची मुदत दिली आहे आणि अनेक घरांच्या सामाईक तलावाला एकच वर्षाची, कारण वापर जास्त तितकी झीज जास्त. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. तपासणीला येणारा माणूस टेप, ठोकळा आणि एक नोंदपत्रक घेऊन येतो. उंची मोजतो, फटी मोजतो, कुंपणाबाहेरून एक फेरी मारून चढण्याजोगे काय आहे ते पाहतो आणि सर्वांत जास्त वेळ फाटकापाशी घालवतो. दोष निघाला तर लेखी देतो, दुरुस्तीला मुदत देतो आणि पुन्हा येतो.

आपल्याकडे ही व्यवस्था नाही. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, नागपूर महापालिका, सुधार प्रन्यास आणि महानगर प्रदेश प्राधिकरण तिच्याच आधारे परवानगी देतात. बांधकामाचा नकाशा मंजूर होतो, जोते तपासले जाते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर घरच्या तलावाचे फाटक मिटते का, हे पाहायला कुणी ठरावीक मुदतीने येत नाही. हे अशक्य आहे म्हणून नव्हे. लिफ्टसाठी राज्यात २०१७ चा कायदा आहे आणि निरीक्षकाची तपासणी आहे. आगीसाठी २००६ चा कायदा आहे आणि त्याखाली जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. गृहसंकुलांच्या पदाधिकाऱ्यांना या कागदाची सवय आहे. त्याच फायलीत तलावाच्या कुंपणाचे एक पान वाढवायला सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून ते उद्या सुरू करता येईल. पानावर चारच गोष्टी: उंची, फटी, चढण्याच्या वस्तू, फाटकाच्या तीन परीक्षा. खाली तारीख आणि तपासणाऱ्याची सही. कायदा यायला हवाच, विशेषतः भाड्याने दिल्या जाणाऱ्या फार्म हाऊससाठी, कारण तिथे येणाऱ्या पाहुण्याला कुंपणाची अवस्था आधी कळण्याचा मार्ग नसतो.

स्पा किंवा जकुझीचे गणित थोडे वेगळे. तिचा आकार लहान, म्हणून कुंपणाऐवजी कुलूप लागणारे कडक झाकण काही देशांत चालते. न्यूझीलंडमध्ये पाण्याचा पृष्ठभाग ५ चौरस मीटरपर्यंत आणि बाहेरची भिंत ७६ सेंटिमीटर उंच असेल, तर असे झाकण पुरते. झाकण मुलाच्या वजनाने वाकणारे किंवा मध्ये पाणी साचणारे नको; ताडपत्री म्हणजे झाकण नव्हे, ती सापळा आहे. स्पाचा खरा धोका मात्र तळाशी असतो. पंप पाणी खेचतो त्या जाळीवर केस, हात किंवा पाठ चिकटली की मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशी अडकून गेली आणि तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रॅम बेकर कायदा म्हणून, २००७ साली नियम झाले. सपाट जाळी नको, फुगीर आणि अडकू न देणारी हवी. खेचण्याची तोंडे दोन हवीत आणि त्यांत ९० सेंटिमीटरचे अंतर हवे, म्हणजे एक झाकले गेले तरी दुसरे पाणी घेते आणि ओढ तुटते. पंपाचे बटण पाण्याजवळच्या माणसाला दिसेल आणि पोहोचेल अशा जागी असावे. जाळीचा एक स्क्रू जरी पडलेला दिसला, तर तो बसेपर्यंत पंप बंद.

उन्हाळ्यात सीताबर्डीतून आणलेला फुगवायचा टबही याच यादीत येतो. न्यू साउथ वेल्समध्ये ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावणाऱ्या टबालाही कुंपण लागते. आपल्याकडे साधा नियम पाळावा: खेळ संपला की टब उलटा करायचा. अंगणातल्या जमिनीखालच्या टाक्याचे झाकण, जुन्या महालातल्या वाड्यांतली विहीर, काटोल-नरखेडच्या संत्राबागांतले शेततळे, यांनाही हीच नजर लावायला हवी. विहिरीचा कठडा जमिनीपासून किमान १ मीटर उंच असावा, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते; कारण दिले आहे ते बाहेरचे पाणी आत जाऊ नये हे, पण मूलही त्यानेच अडते. शेततळ्याचे संकट सर्वांत मोठे आहे. ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरलेला उतार ओला झाला की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. तिथे तारेच्या कुंपणासोबत काठावर पक्क्या खुंट्यांना बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठींचे दोर हवेत.

आणि कुंपणाने दगा दिलाच तर? तलावाजवळ दोर बांधलेली तरंगती रिंग आणि लांब बांबू टांगलेला असावा. मुलाला बाहेर काढल्यावर उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि मदत येईपर्यंत दोन्ही आलटून पालटून चालू ठेवायचे. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. न्यू साउथ वेल्समध्ये या कृतीचा चित्रांसह फलक तलावापाशी लावणे सक्तीचे आहे. इथे तो मराठीत आणि हिंदीत छापून, लॅमिनेट करून, फाटकाच्या आतल्या बाजूला लावावा. फलकावर फार्म हाऊसचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूणही लिहावी, कारण एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला रुग्णवाहिकेला वाट सांगता येत नाही.